पेशींना भूल

सासूबाईंच्या रक्ताचा खरा अहवाल हेमांगीच्या हाती पडला तो त्यांना जाऊन साडेतीन वर्षं झाल्यावर, आणि तोही तिने स्वतः मागितला म्हणून.

हेमांगी वरवटकर शिरवेळच्या उपजिल्हा रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होती. शिरवेळ हे कोकण किनाऱ्यावरचं मासेमारीचं बंदर, मोठ्या शहरापासून अडीच तासांवर. पायाच्या जखमेतून जंतू रक्तात पसरले म्हणून सासूबाईंना इथेच दाखल केलं होतं. त्या वेळी रुग्णालयात एका औषधाची चाचणी चालू होती. औषध नवं नव्हतं. दात काढण्याआधी हिरडीत टोचतात ते लिडोकेन, पण नसेतून, अगदी कमी मात्रेत. घरच्यांना चाचणीसाठी राजी केलं हेमांगीने. सही केली तिच्या नवऱ्याने, संदेशने. विरोध फक्त संदेशच्या थोरल्या बहिणीचा, जयवंतीचा होता. तिसऱ्या दिवशी सासूबाई गेल्या.

"माझ्या आईवर प्रयोग केलास," एवढंच जयवंती म्हणाली आणि तिने भावजयीशी बोलणं टाकलं.

"औषधाचा काही दोष नव्हता, आजारच मोठा होता," हेमांगीने संदेशला सांगितलं. त्याने ते मानलं. बहीण बायकोला दोष देते म्हणून तो बहिणीच्या घराची पायरी पुन्हा चढला नाही.

मग गेल्या वर्षी रुग्णालयात पेशीदर्शक आलं.

जंतुदोष रक्तात पसरतो तेव्हा माणूस बहुतेक वेळा जंतूंमुळे मरत नाही, स्वतःच्याच संरक्षक पेशींमुळे मरतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवी जखमेच्या जागी पोचतात, रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, तिच्यातून पलीकडे जातात आणि जंतू गिळतात. काही तर स्वतःच्याच डीएनएचे धागे बाहेर फेकून जंतूंना जाळ्यात पकडतात. पण जंतू सगळीकडे आहेत असा निरोप गेला, की या पेशी सगळीकडे हेच करू लागतात. फुप्फुसात, मूत्रपिंडात, निरोगी भिंतींनाही चिकटतात, जाळी टाकतात. बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि एकेक अवयव बंद पडत जातो.

लिडोकेन मज्जातंतूंची दारं बंद करून वेदना थांबवतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याहून कितीतरी कमी मात्रेत ते या पेशींनाही शांत करतं, त्यांचं चिकटणं आणि जाळी टाकणं कमी करतं, हेही प्रयोगशाळांत पूर्वीच दिसलं होतं. तरी रोग्यांवर त्याचा निकाल कधी चांगला, कधी वाईट. कारण पेशी कायम खवळलेल्या राहत नाहीत. दोन-तीन दिवसांत त्या थकतात. थकलेल्या पेशींना आणखी शांत केलं, तर जंतूंना मोकळं रान मिळतं. कोणता रोगी कोणत्या टप्प्यावर आहे हे खाटेशेजारी उभं राहून कोणालाच सांगता येत नव्हतं.

पेशीदर्शक ते सांगत होतं. तळहाताएवढी काचेची पट्टी, तिच्यात केसाहून बारीक वाटा, आणि त्या वाटांच्या भिंतींना रक्तवाहिनीसारखंच अस्तर. रक्ताचा एक थेंब टाकायचा. वीस मिनिटांत कॅमेरा चार हजार पेशींची हालचाल टिपायचा. किती चिकटल्या, किती जणींनी जाळी टाकली, वाटेत ठेवलेले मेलेले जंतू किती जणींनी गिळले. शेवटी शंभरपैकी दोन आकडे यायचे. त्यांची नावं लांबलचक होती, पण विभागातल्या परिचारिकांनी चिकटण्या-जाळ्यांच्या आकड्याला राग आणि गिळण्याच्या आकड्याला दम म्हणायला सुरुवात केली आणि तीच नावं राहिली.

जुन्या चाचणीत औषध सुरू करण्याआधी प्रत्येक रोग्याच्या रक्तात मेलेले जंतू मिसळून त्याची साधी चित्रफीत घेतलेली होती. नवी प्रणाली त्या फितीही वाचू शकते हे लक्षात आल्यावर हेमांगीने एका दुपारी सासूबाईंचा क्रमांक टाकला. आकडे आले. राग एकवीस, दम बारा. म्हणजे औषध सुरू केलं त्याआधीच पेशी पार गळून गेल्या होत्या. मग तिने बाकीचेही वाचले. सासूबाई धरून एकतीस रोगी. त्यातल्या नऊ जणांना औषध अशाच वेळी दिलं गेलं होतं आणि नऊही जण दगावले होते.

तिने तो अहवाल कपाटात खालच्या खणात ठेवला. संदेशला सांगायचं होतं. तो जेट्टीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, संध्याकाळी दमून यायचा. आज नको, उद्या, असं करत आठ महिने गेले.

*

मे महिन्यातल्या एका सकाळी साडेआठला जयवंतीला रुग्णालयात आणलं. ती जेट्टीवर मासळीचा लिलाव पुकारायची. परवा लिलावाच्या वेळी टोपलीतल्या शिंगाळ्याचा काटा तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात घुसला होता. तिने काटा उपसून टाकला, हळद दाबली आणि लिलाव पुरा केला. आता हात कोपरापर्यंत सुजून जांभळा झाला होता, अंग तापलं होतं, बीपी घसरत होतं. नवरा बोटीवर, आठवड्याच्या फेरीवर.

अतिदक्षता विभाग भूलतज्ज्ञ डॉ. तस्नीम मुकादम सांभाळायच्या. त्यांनी प्रतिजैविकं लावली, बोट चिरून पू काढला, सलाईन वाढवलं. "कोमट समुद्रातला जंतू दिसतोय," त्या म्हणाल्या. "फार वेगाने पसरतो. हेमांगी, थेंब घे."

वीस मिनिटांनी पडद्यावर आकडे आले. राग त्र्याऐंशी, दम एकसष्ट.

"पेशी खवळल्यात, पण अंगात जोर आहे," डॉ. तस्नीम म्हणाल्या. "लिडोकेनची हीच वेळ. दोन तासांनी फुप्फुसं धरतील. संमती घ्यायला हवी आणि ती शुद्धीवर आहे तोवरच." मग त्यांनी विचारलं, "तुझी नणंद ना? मी बोलू का?"

"नको मॅडम. मी बोलते."

जयवंतीचे डोळे उघडे होते. हेमांगीला बघून तिने मान फिरवली नाही, तेवढी ताकदच नसावी.

"ताई, एक औषध सुरू करायचंय. तुमची परवानगी लागेल."

"कुठलं औषध?"

"लिडोकेन."

"आईला दिलेलं तेच ना गो?"

इथे हेमांगीला दोन उत्तरं सुचली. पहिलं सोपं होतं. आता यंत्र आलंय ताई, तेव्हाची गोष्ट वेगळी. ते खोटंही नव्हतं. तेवढ्यावर जयवंतीने सही केली असती. पण त्या सहीला काय अर्थ राहिला असता ते हेमांगीला कळत होतं. चार वर्षांपूर्वी तिने अशीच एक सही घेतली होती.

"हो, तेच," ती म्हणाली. "आईंना ते चुकीच्या वेळी दिलं गेलं. त्यांच्या पेशी आधीच थकल्या होत्या. औषधाने त्या आणखी बसल्या. तेव्हा हे कोणाला दिसत नव्हतं, मलाही नाही. मला आठ महिन्यांपूर्वी कळलं. तुम्ही म्हणत होतात त्यात तथ्य होतं, ताई."

जयवंतीचा श्वास वरवर चालला होता. "नसतं दिलं तर वाचली असती?"

"ते मला सांगता येणार नाही. कदाचित तरीही गेल्या असत्या. पण त्या औषधाने त्यांचं भलं झालं नाही, हे नक्की."

"आणि मला?"

"तुमच्या पेशींचे आकडे मी आत्ता बघून आलेय. आईंच्या एकदम उलट आहेत. माझ्या मते तुम्ही घ्यावं. दर अर्ध्या तासाने मी थेंब बघणार. बिघडतंय असं दिसलं तर थांबवायला सांगेन."

"संदेशला माहितेय हे आईचं?"

"नाही."

"आठ महिने?"

"हो, आठ महिने."

जयवंतीने सुजलेला हात हलवायचा प्रयत्न केला, मग डावा पुढे केला. "आण कागद. अंगठा नको, मला सही येते." डाव्या हाताने तिने कशीबशी सही केली. "संदेशला तू सांगायचंस. आज. मी जगो का मरो."

*

साडेनऊला औषध सुरू झालं. जिभेला बधिरपणा येतोय का, कानात आवाज होतोय का, हे परिचारिका दर थोड्या वेळाने जयवंतीला विचारत होती. मात्रा जास्त झाली तर ती खूण सगळ्यात आधी दिसते. हृदयाचे ठोके मॉनिटरवर होतेच.

साडेअकराला राग अठ्ठावन्नावर आला होता, दम सत्तावन्न. बीपी सावरलं. थोड्याशा प्राणवायूवर भागत होतं. डॉ. तस्नीम समाधानाने म्हणाल्या, "लागू पडतंय. सहा तासांचा कार्यक्रम पुरा करू."

पुढचा थेंब यंत्रात घालून हेमांगी बाहेर आली. संदेश बाकावर बसला होता, कामावरच्याच तेलकट कपड्यांत. बहिणीला बघायला तो चार वर्षांनी आला होता आणि काचेतूनच बघून बाहेर आला होता.

"कशी आहे ताई?"

"सुधारतेय. संदेश, मला तुला एक सांगायचंय आणि माझ्याकडे पंधरा मिनिटं आहेत."

तिने सगळं सांगितलं. यंत्र, जुन्या फिती, दोन आकडे, कपाटातला खण. संदेश मान खाली घालून ऐकत होता. तिचं बोलणं संपल्यावर तो बोटांवरचं वंगण पुसू लागला.

"ताई बरोबर बोलत होती तर."

"बरंचसं."

"मी तिच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही. तू जा म्हणाली असतीस तर गेलो असतो. तू काही म्हणालीच नाहीस."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"आठ महिन्यांपूर्वी कळलं ना. आठ महिने माझ्यासमोर बसून जेवलीस." त्याचा आवाज चढला नव्हता. "आज ती आत पडली नसती तर आणखी किती दिवस?"

घड्याळात पंधरा मिनिटं होत आली होती. "मला आत जायला हवं," ती म्हणाली.

"जा," तो म्हणाला. "तिला वाचव."

*

बाराला पडद्यावर आलं: राग सेहेचाळीस, दम एक्कावन्न. खाली हिरव्या अक्षरांत सूचना होती, औषध चालू ठेवावे. दम तीसच्या खाली उतरला तरच यंत्र थांबायला सांगायचं.

साडेबाराला राग चव्वेचाळीस, दम त्रेचाळीस. सूचना तीच, हिरवी.

हेमांगीने आकडे सोडून फीत उघडली. हे तिचं रोजचं काम नव्हतं, आकडे पुरेसे असत. फितीत जयवंतीच्या पेशी वाटेतून वाहत येत होत्या. भिंतीला फारशा चिकटत नव्हत्या, ते चांगलं होतं. पण मेलेल्या जंतूंजवळ येऊन, त्यांना टेकून, त्या तशाच पुढे निघून जात होत्या. गिळणाऱ्या फारच थोड्या. दम त्रेचाळीस असताना असं दिसायला नको. तिने मागचे आकडे उलगडले तेव्हा कारण कळलं. यंत्र दमाचा आकडा एकाच थेंबावरून देत नव्हतं, शेवटच्या तीन थेंबांची सरासरी देत होतं. एखाद्या थेंबाने फसू नये म्हणून ठेवलेली ती सोय होती. आजच्या घसरणीपुढे ती मागे पडत होती. फक्त शेवटच्या थेंबाचा दम होता एकतीस.

ती डॉ. तस्नीमकडे गेली. "मॅडम, औषध आत्ता थांबवावं असं मला वाटतं."

त्यांनी फीत पाहिली. दोनदा पाहिली. "थांबवलं आणि राग परत उसळला तर? फुप्फुसं नुकती सुटलीत. आणि एक सांग, पेशी औषधामुळे गिळत नाहीत, की आजारानेच थकल्यात? आजाराने थकल्या असतील तर औषध थांबवून काही मिळणार नाही. उलट असलेला आधार जाईल."

प्रश्न बरोबर होता. "ते बघता येईल," हेमांगी म्हणाली. "एकच नमुना घेऊ, दोन भाग करू. एका भागातल्या पेशी साध्या मिठाच्या पाण्यात धुऊन औषध काढून टाकू. दुसऱ्या भागालाही तितकंच धुऊ, पण तेवढंच औषध असलेल्या पाण्यात. म्हणजे फरक दिसलाच तर तो धुण्यामुळे नसेल, औषधामुळे असेल."

"किती वेळ?"

"पस्तीस मिनिटं."

डॉ. तस्नीमनी मॉनिटरकडे पाहिलं. "तोवर मात्रा निम्मी करते. कर."

हेमांगीने नमुना विभागला, धुतला, दोन पट्ट्यांत भरला आणि दोन पडदे शेजारी शेजारी लावले. सरासरी बंद केली.

औषध असलेल्या पट्टीत पेशी पूर्वीसारख्याच जंतूंना टेकून निघून जात होत्या. औषध धुऊन काढलेल्या पट्टीत पहिली पाच मिनिटं काही वेगळं दिसलं नाही. मग एक पेशी थांबली. तिने अंग पसरलं, जंतूभोवती गुंडाळलं आणि तो आत घेतला. मग दुसरी. मग वाटेत जागोजागी तेच सुरू झालं. वीस मिनिटं संपली तेव्हा एकीकडे दम अठ्ठावीस होता, दुसरीकडे एकोणसाठ.

डॉ. तस्नीम तिच्या खांद्यामागे उभ्या होत्या. "जोर आहे पेशींत," त्या म्हणाल्या. "आपणच दाबून ठेवलाय." त्या वळल्या आणि औषध बंद करायला सांगितलं. एक वाजून अठरा मिनिटं झाली होती.

तासाभराने राग चौसष्टवर गेला. श्वास पुन्हा वाढला. या वेळी घाबरायचं कारण नव्हतं, दोघींना काय करायचं ते कळलं होतं. चाळीस मिनिटं औषध, मग बंद. पेशींना गिळू द्यायचं, राग साठच्या पलीकडे गेला की पुन्हा थोडा वेळ शांत करायचं. यंत्राच्या कार्यक्रमात असं काही लिहिलेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी हे तीनदा केलं. सहाला राग अडतीस आणि दम चौपन्न होता. सातला जयवंतीने पाणी मागितलं.

*

बोटाचं टोक वाचलं नाही. मधल्या बोटाचं पहिलं पेर काढावं लागलं. अकराव्या दिवशी जयवंती घरी गेली आणि संदेशही चार कपडे पिशवीत भरून तिच्याकडे राहायला गेला. नवरा परत समुद्रावर, हात बांधलेला, घरात कोणीतरी हवं, हे कारण खरंच होतं. हेमांगीला दुसरं कारणही माहीत होतं. तो तिच्याशी भांडला नव्हता, बोलतही नव्हता.

तिने त्या दिवसांत दोन कागद लिहिले. एक डॉ. तस्नीमबरोबर, यंत्र बनवणाऱ्या कंपनीला, थांबून थांबून औषध देण्याच्या पद्धतीवर आणि सरासरीतल्या त्रुटीवर. त्याचं उत्तर आठवड्यात आलं, पुढच्या आवृत्तीत शेवटच्या थेंबाचा आकडा वेगळा दाखवायचं ठरलं. दुसरा कागद तिने एकटीने रुग्णालयाच्या समितीला लिहिला. जुन्या चाचणीतल्या नऊ घरांना खरं काय घडलं ते सांगावं, आणि सांगायला मी स्वतः जाईन.

समितीत दोन बैठका झाल्या. एक डॉक्टर म्हणाले, तेव्हाच्या ज्ञानाप्रमाणे सगळं बरोबरच झालं होतं, मग लोकांची जुनी दुःखं का उकरायची. हेमांगी म्हणाली, "बरोबर झालं होतं हेही सांगू. पण त्यांचं माणूस कशाने गेलं ते आपल्या कपाटात आहे आणि त्यांच्या घरात नाही." डॉ. तस्नीम तिच्या बाजूने बोलल्या. परवानगी मिळाली. नऊमधलं एक घर तिचं स्वतःचं होतं, आठ उरली.

पहिलं घर खाडीपलीकडच्या वाडीत होतं. ज्या सकाळी जायचं त्या सकाळी हेमांगी बाहेर पडली तर दारात दुरुस्तीच्या दुकानातली जीप उभी होती. संदेश चालकाच्या जागेवर, मागे जयवंती.

"तुम्ही कशाला आलात, ताई? हात अजून—"

"हात काय, बोलायला लागतोय?" जयवंती म्हणाली. "तू शास्त्र सांगशील. समोरच्या माणसाला शास्त्र कळलं तरी पुढं काय विचारायचं ते कळणार नाही. मला माहितेय काय विचारतात ते."

हेमांगीने संदेशकडे पाहिलं. त्याने पुढचं दार आतून उघडलं. "बस," तो म्हणाला. सतरा दिवसांनी तो तिच्याशी बोलला होता.

वाडीतलं घर चढावर होतं. ओटीवर एक म्हातारा मुलाच्या जुन्या जाळ्याची भोकं सांधत बसला होता. रुग्णालयातून आलो म्हटल्यावर त्याने सुई खाली ठेवली. मुलाला जाऊन पाच वर्षं होत आली होती.

"काय राहिलं आता?" त्याने विचारलं.

जयवंती ओटीच्या कडेला त्याच्या शेजारी बसली. "काका, माझी आई पण तिथेच गेली," ती म्हणाली. "ही माझी भावजय. ही जे सांगेल ते सगळं ऐका. ऐकताना राग येईल, मला पण आला होता. मग तुम्ही हिला काय वाटेल ते विचारा. ही खरं सांगते."

म्हाताऱ्याने हेमांगीकडे पाहिलं आणि समोरच्या पाटाकडे हात केला. संदेश अंगणात न थांबता ओटीवर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. हेमांगी पाटावर बसली आणि तिने त्या मुलाच्या नावापासून सुरुवात केली.